भंगारवाल्याला हाक मारण्याआधी काळ्या खिडकीत चार ओळी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ पेलत नाही म्हणून धडधाकट संगणक तेव्हापासून माळ्यावर चढत आहेत, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. ‘विंडोज काढून त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाका’ हा सल्ला आता कोणीही देतो आणि तो योग्यच आहे. लिनक्स टाकूनही होतो, तासाभराचे काम. मग गाडे एका वाक्यापाशी अडते : ‘वाय-फाय लागत नाही.’ या वाक्यानंतर कोणी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचे वाय-फायचे कार्ड, विकत आणतो, कोणी राउटर बदलायला काढतो, कोणी पुन्हा चोरीचे विंडोज टाकतो. संगणक बिचारा निर्दोष असतो. हे पत्र त्या एका वाक्यापुरते आहे.

पडद्याच्या कोपऱ्यातली पंख्यासारखी खूण फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. जोडणी होण्यासाठी मात्र पाच गोष्टी एकामागे एक जमाव्या लागतात. रेडिओ चालू हवा, वाय-फायच्या कार्डाला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि फर्मवेअर (कार्डाच्या चिपमध्ये भरायची फाइल) मिळायला हवे, तुमचे नेटवर्क कार्डाला ऐकू यायला हवे, पासवर्ड पटायला हवा आणि शेवटी राउटरने पत्ता द्यायला हवा. टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, प्रत्येक कडीला वेगळा प्रश्न विचारता येतो. पथ्य एकच : क्रम सोडायचा नाही. दहा वेळा पासवर्ड टंकून पाहणारे पुष्कळ जण पहिल्या-दुसऱ्या कडीवरच अडलेले असतात.

छपाईची एक अडचण आधी सांगायला हवी. कमांड इथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजीतल्या लहान अक्षरांत टंकायच्या. ‘एनएमसीएलआय’ म्हणजे इंग्रजीतली पाच अक्षरे, सलग. शब्दांमधली मोकळी जागा हा कमांडचाच भाग आहे. आडवी रेघ खरोखर टंकायची असेल तिथे ‘रेघ’ असे लिहिले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कमांड उचलून चिकटवू नये, हेही याच ठिकाणी. तिथे दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात आणि कमांड चालत नाही. चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस चक्रावतो.

विंडोज पुसण्याआधी दोन कामे करून ठेवावीत. घरच्या नेटवर्कचा पासवर्ड आठवत नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल नेम=’ आणि पुढे अवतरणात नेटवर्कचे नाव, मग ‘की=क्लिअर’ असे दिले की ‘की कंटेंट’ या ओळीत तो उघडा दिसतो. कागदावर लिहून घ्या. दुसरे म्हणजे लिनक्स पेनड्राइव्हवरूनच, काही न पुसता, ‘लाइव्ह’ चालवून पाहा. तिथे वाय-फाय लागले तर टाकल्यावरही लागेल. लागले नाही तर पुढचे सगळे प्रयोग तिथेच करता येतात आणि विंडोज शाबूत राहते. ही पायरी गाळण्याची घाई का करतात, कळत नाही.

आता पहिली कडी. टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. प्रत्येक रेडिओखाली दोन ओळी येतात, ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’. सॉफ्टपुढे ‘यस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ दिले की काम झाले. हार्डपुढे ‘यस’ असेल तर कुठलीही कमांड उपयोगाची नाही. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या पट्टीवर सरकते बटण असते, ते सरकवावे लागते. काहींत एफएन आणि अँटेनाचे चित्र असलेली कळ एकत्र दाबावी लागते. ‘सुडो’ने सुरू होणारी कमांड संगणकाचा पासवर्ड मागते आणि तो टंकताना बहुधा पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बंद पडला असे समजून उठू नये. टंका आणि एंटर दाबा.

दुसरी कडी सगळ्यांत जास्त वेळ खाते, म्हणून तिथे थोडे थांबू. ‘आयपी लिंक’ दिल्यावर संगणकाच्या सगळ्या जोडण्यांची नावे येतात. ‘एलओ’ ही आतली, ‘ई’ने सुरू होणारी केबलची, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारी बिनतारी. जुन्या पद्धतीत ती ‘डब्ल्यूलॅन०’ असे. आता बहुधा ‘डब्ल्यूएलपी२एस०’ अशा घाटाची असते. पी२ म्हणजे २ क्रमांकाची पीसीआय बस (संगणकाच्या आतला जोडमार्ग), एस० म्हणजे तिथली शून्य क्रमांकाची खाच. शेवटचे शून्य आहे, इंग्रजी ओ नाही. या एका चुकीपायी ‘असे उपकरण नाही’ असा निरोप येतो. यूएसबी डोंगल असेल तर ‘डब्ल्यूएलएक्स’ आणि पुढे डोंगलचा बारा चिन्हांचा हार्डवेअर पत्ता असे लांबलचक नाव पडते. यादीत ‘डब्ल्यूएल’वाले एकही नाव नसेल तर पासवर्डचा विषय अजून आलेलाच नाही.

मग ‘एलएसपीसीआय’ आणि पुढे जागा सोडून ‘रेघ एनएनके’. लांब यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात आठ चिन्हांचा, मध्ये विसर्गचिन्ह (इंग्रजी कोलन) असलेला क्रमांक असतो. चिपची खरी ओळख ती. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर बसला आहे. नसेल तर बसलेला नाही. डोंगलसाठी ‘एलएसयूएसबी’. ड्रायव्हर बसूनही नाव उमटत नसेल तर ‘सुडो डीएमईएसजी’चा निकाल ‘ग्रेप रेघ आय फर्मवेअर’मधून गाळून पाहा. दोन्हींच्या मध्ये उभी रेघ येते. ‘फेल्ड टू लोड’ असे दिसले तर चिपमध्ये भरायची फाइल संगणकावर नाही. इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, फक्त ही फाइल लागते. डेबियन, उबुंटू, मिंट हे लिनक्सचे प्रकार. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अशी बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतात. उबुंटू आणि मिंटमध्ये ती आधीपासून आहेत. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर उभा केलेला बॉस लिनक्स वापरणाऱ्यांनाही याच कमांड लागू आहेत.

जुन्या लॅपटॉपांत खरा त्रास ब्रॉडकॉमच्या चिपांचा. त्यातल्या अनेकांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. उबुंटू-मिंटमध्ये त्या पॅकेजचे नाव ‘बीसीएमडब्ल्यूएल रेघ कर्नल रेघ सोर्स’, डेबियनमध्ये ‘ब्रॉडकॉम रेघ एसटीए रेघ डीकेएमएस’. बसवूनही चालला नाही तर बायोसमधल्या (संगणक सुरू होतानाच्या मांडणीतल्या) सिक्युअर बूटकडे पाहा. बाहेरून तयार केलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसते, म्हणून कर्नल त्याला आत घेत नाही. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. निळा पडदा पाहून घाबरून ‘कंटिन्यू’ दाबले की सगळी मेहनत पाण्यात.

वाय-फायसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे, हा पेच फोनने सुटतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. संगणकाला तो केबलच्या जोडणीसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच इंटरनेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे मोबाइलचा डेटाही जळत नाही. केबल फक्त चार्जिंगची असेल तर मात्र काहीच होणार नाही. ड्रॉवरमधल्या निम्म्या केबल तसल्याच असतात.

एवढे करूनही कार्ड उठले नाही तर डोंगल घ्यावे, पण तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन ‘वाय-फायचे डोंगल द्या’ म्हणू नये. खोक्यावरचे कंपनीचे नाव आणि मॉडेल तेच ठेवून आतली चिप बदललेली असते. एकाच मॉडेलची पहिली आवृत्ती लिनक्सवर चालते, तिसरी चालत नाही. दुकानदाराला चिप विचारावी, शक्य असेल तर दुकानातच लॅपटॉपला लावून ‘एलएसयूएसबी’ द्यावी आणि क्रमांक उतरवून घ्यावा. काही डोंगल आधी सीडीसारखे दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ती ‘सीडी’ इजेक्ट केली की खरे रूप दाखवतात.

तिसऱ्या कडीपासून काम हलके होते. घरगुती वापराच्या बहुतेक लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर नावाचा कारभारी असतो आणि ‘एनएमसीएलआय’ ही त्याच्याशी बोलायची कमांड. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ द्या. ‘डिस्कनेक्टेड’ आले तर उत्तम, म्हणजे कार्ड तयार आहे. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे पहिली किंवा दुसरी कडी अजून कच्ची आहे. ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे कारभाऱ्याने या कार्डातून अंग काढून घेतले आहे. डेबियनमध्ये ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलमध्ये त्या कार्डाचे नाव लिहिलेले असले की असे होते. त्या ओळींच्या आधी हॅशचे चिन्ह घाला आणि संगणक पुन्हा सुरू करा.

मग ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’. पेठेतल्या कुठल्याही इमारतीत या यादीला दोन-तीन पडदे लागतात. अख्खी आळी दिसते. आपले नाव त्यात आहे का, एवढेच पाहायचे. नसेल तर कारणे मोजकी. जुन्या कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे नाव वेगळे ठेवले असेल तर ते अशा कार्डाला जन्मात दिसणार नाही, राउटरच्या मांडीवर बसवले तरी. आयफोन १२ किंवा त्यानंतरच्या फोनच्या हॉटस्पॉटचेही तेच. तिथे ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू केले की तो २.४ वर येतो.

दुसरे कारण चॅनेलचे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेतली कार्डे ११ पर्यंतच ऐकतात. मुलाने किंवा लेकीने तिकडून पाठवलेला लॅपटॉप आणि स्वतःहून चॅनेल १३ निवडणारा राउटर यांची गाठ पडली की शेजारच्या साऱ्यांची नावे दिसतात, फक्त आपले दिसत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ दिल्यावर देशाचा संकेत कळतो आणि ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ने भारत सांगता येतो (इथे शेवटची दोन अक्षरे मोठी), पण कार्डात कोरलेली मर्यादा त्याने उठत नाही. राउटर १, ६ किंवा ११ वर बांधून टाकणे हा खात्रीचा उपाय. ही तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, हा वेगळा फायदा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ ही चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायची असतात, म्हणून राउटर सुरू झाल्यावर किमान मिनिटभर नुसता कानोसा घेतो आणि मगच नाव पुकारतो. वीज आल्या आल्या ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसत नाही ते यामुळे.

नाव दिसते पण क्षीण असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह’, मग कार्डाचे नाव, मग ‘लिंक’, असे जोडणी झाल्यावर विचारा. सिग्नल उणे आकड्यात येतो. उणे ६५ च्या आसपास ठीक, उणे ८० म्हणजे कसेबसे. हा आकडा दहाने खाली गेला की शक्ती दहावा हिस्सा उरते. उणे ६० आणि उणे ८० यांत शंभरपटीचा फरक आहे. वाड्याच्या हातभर जाडीच्या भिंतीपुढे कमांडचे काही चालत नाही. राउटर दाराच्या रेषेत आणावा.

चौथी कडी. ‘एनएमसीएलआय’, जागा, ‘रेघ रेघ आस्क’, जागा, ‘डिव्हाइस वायफाय कनेक्ट’, आणि शेवटी एकेरी अवतरणात नेटवर्कचे नाव. पासवर्ड विचारला जाईल, तेव्हा द्यायचा. अनेक ठिकाणी पासवर्ड कमांडमध्येच लिहायला सांगतात. तसे करू नये. एक तर तो कमांडच्या इतिहासात साठतो, आणि वर जायचा बाण दाबणाऱ्या कोणालाही दिसतो. दुसरे म्हणजे पासवर्डमध्ये डॉलर, अँपरसँड किंवा उद्गारचिन्ह असेल तर शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) त्यांचा स्वतःचा अर्थ लावते आणि भलताच पासवर्ड राउटरकडे जातो. दुहेरी अवतरणातही डॉलर आणि उद्गारचिन्ह सुरक्षित नाहीत. एकेरी अवतरणात आहेत. नाव लपवलेले नेटवर्क असेल तर शेवटी ‘हिडन यस’ जोडा. कमांडची धास्ती वाटणाऱ्यांसाठी ‘एनएमटीयूआय’ आहे, बाणाच्या कळांनी चालणारा मेन्यू. घरच्या जोडणीला तो पुरतो.

जोडणी फसली तर निरोपात कंसात एक आकडा येतो. लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात आणि निदान तर त्याच आकड्यात असते. ५३ म्हणजे नेटवर्क सापडले नाही, तिसऱ्या कडीवर परत जा. ७ म्हणजे पासवर्ड मिळाला नाही किंवा पटला नाही. ५ म्हणजे पासवर्ड पटला पण राउटरने पत्ता दिला नाही. राउटर एकदा बंद-चालू करा किंवा त्याच्यावर किती फोन लटकले आहेत ते पाहा. ‘की रेघ एमजीएमटी प्रॉपर्टी इज मिसिंग’ अशी तक्रार आली तर आधीच्या अर्धवट प्रयत्नाची जोडणी साठून राहिलेली असते. ‘एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट’ आणि ते नाव देऊन ती पुसा, पुन्हा यादी मागवा, पुन्हा जोडा.

डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीचा पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असतो. नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड एकत्र करून ४,०९६ वेळा घुसळले की २५६ बिटांची किल्ली तयार होते. म्हणून राउटरचे नाव बदलले की पासवर्ड तोच असूनही किल्ली बदलते. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डांना बहुधा दार बंदच. तो डब्ल्यूपीए२ आणि ३ अशा मिश्र पद्धतीवर ठेवावा.

इथे मराठी माणसाची खास अडचण. हल्ली नेटवर्कला देवनागरी नावे द्यायची हौस आहे, आणि असावीही. पण नेटवर्कच्या नावाला जागा ३२ बाइटची आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी ३ बाइट घेते. ‘सदाशिव पेठ’ बसते, २८ बाइट. ‘सदाशिव पेठ पुणे’ला ४१ लागतात, ते बसत नाही, काही राउटर सरळ नकार देतात, काही शेपूट तोडतात. ‘ऱ्या’ असलेल्या नावाची तर गंमतच. तो अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकता येतो, एका प्रकारात मध्ये न दिसणारे जोडचिन्हही असते. डोळ्यांना नाव तेच, बाइट वेगळे, म्हणून हाताने टंकलेले नाव सापडत नाही. वर सांगितल्याप्रमाणे किल्लीही नावावरून बनते, तेव्हा अंदाजपंचे चालत नाही. शिवाय खिडक्या नसलेल्या निव्वळ काळ्या पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, देवनागरी उमटतच नाही. नावाच्या जागी ठोकळे दिसतात. तोडगा सोपा आहे. यादीत प्रत्येक नेटवर्कपुढे ‘बीएसएसआयडी’ हा बारा चिन्हांचा पत्ता असतो, दोन-दोन चिन्हांत विसर्गचिन्ह घातलेला. कनेक्टच्या कमांडमध्ये नावाऐवजी तो पत्ता दिला तरी चालतो. तोच पत्ता बहुतेक राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीशी जुळतो, फार तर शेवटचे एखादे चिन्ह वेगळे.

पाचवी कडी थोडक्यात. ‘आयपी ए’ दिल्यावर कार्डापुढे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने दिला आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता संगणकाने वाट पाहून स्वतःच घेतलेला असतो. ‘पिंग १.१.१.१’ला उत्तर येते पण संकेतस्थळाचे नाव देऊन येत नाही, तर नावांचा शोध अडला आहे, वाय-फाय नाही. आणि वाय-फाय, पत्ता, पिंग सगळे ठीक असून प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणत असेल तर ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन तारीख पाहा. माळ्यावर पडलेल्या संगणकातला सीआर२०३२ सेल मेलेला असतो आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. त्या तारखेला आजची प्रमाणपत्रे अजून जन्मलेलीच नसतात. नाण्याएवढा सेल बदलला की काम संपले.

नेटवर्क मॅनेजर नसलेल्या संगणकावर तीच कामे सुटी सुटी करावी लागतात. ‘डब्ल्यूपीए अंडरस्कोर पासफ्रेज’ला नेटवर्कचे नाव दिले की तो पासवर्ड विचारतो आणि तयार मजकूर देतो. तो फाइलमध्ये ठेवा, पण त्यात हॅशच्या चिन्हामागे मूळ पासवर्डही उघडा असतो, ती ओळ काढून टाका. फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी ६०० परवानगीवर ठेवा, कारण नुसत्या किल्लीनेही त्या नेटवर्कमध्ये शिरता येते. मग ‘डब्ल्यूपीए अंडरस्कोर सप्लिकंट’ला ‘रेघ बी’ (हे बी मोठ्या अक्षरात), ‘रेघ आय’ आणि कार्डाचे नाव, ‘रेघ सी’ आणि फाइलचा मार्ग द्या. त्यानंतर ‘डीएचक्लायंट’ किंवा ‘डीएचसीपीसीडी’ने पत्ता मागा. उबुंटू सर्व्हरवर हेच नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहितात. तिथे टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच मोजून द्याव्या लागतात, आणि ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ द्यावे. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. दुसऱ्या खोलीतून सर्व्हर चालवणाऱ्याला याचे मोल कळते. ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ने जोडायला सांगणारा लेख कोणी पुढे केला तर तो बाजूला ठेवावा, त्या कमांडला डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षापद्धतीपलीकडे येत नाही. आणि दोन कारभारी एका कार्डावर कधीही नेमू नयेत. नेटवर्क मॅनेजर चालू असताना हाताने सप्लिकंट चालवला की दोघे एकमेकांची जोडणी तोडत बसतात. हे चांगल्या-चांगल्यांकडून होते.

स्टेशन, कॅफे, वाचनालय अशा ठिकाणी जोडणी होते पण आधी फोन क्रमांक आणि ओटीपीचे पान भरावे लागते. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी’ने ‘पोर्टल’ असे उत्तर दिले तर कमांडचा खेळ संपला, ब्राउझर उघडा. कॉलेज आणि संशोधन संस्थांत पासवर्डबरोबर वापरकर्त्याचे नावही लागते. शिक्षणसंस्थांचे सामाईक वाय-फाय असलेले एज्युरोम त्यातलेच, आणि भारतात ते अर्नेट ही शैक्षणिक नेटवर्क संस्था चालवते. तिथे की-व्यवस्था ‘डब्ल्यूपीए रेघ ईएपी’, पद्धत ‘पीईएपी’ आणि आतला टप्पा ‘एमएसचॅपव्ही२’ अशी मांडणी बहुधा असते. संस्थेच्या संगणक विभागाकडून खात्री करून घ्यावी. त्यांनी दिलेले प्रमाणपत्र मांडणीत जरूर घालावे. ते गाळले तरी जोडणी होते, आणि त्याच नावाचा तोतया राउटर कोणी शेजारी ठेवला तर आपला पासवर्ड मिळवायची वाट त्याला मोकळी होते. काही वसतिगृहांत कार्डाचा हार्डवेअर पत्ता नोंदवावा लागतो. तिथे त्या जोडणीचा ‘क्लोन्ड रेघ मॅक रेघ अ‍ॅड्रेस’ हा गुण ‘पर्मनंट’ करावा, नाहीतर बदलता पत्ता जाऊन दार बंद.

जोडणी होते पण तुटत राहते, ही तक्रार राहिली. कार्ड वीज वाचवायला डुलकी घेत असेल तर ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह’, कार्डाचे नाव, ‘सेट पॉवर अंडरस्कोर सेव्ह ऑफ’ देऊन पाहा. फरक पडला तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ने ८०२ रेघ ११ रेघ वायरलेस, टिंब, पॉवरसेव्ह या गुणाला २ किंमत द्या, म्हणजे कायमचे झाले. गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज आली की संगणक राउटरच्या आधी उठतो, नेटवर्क मॅनेजर चार वेळा प्रयत्न करतो आणि मग काही काळ गप्प बसतो. ज्या संगणकाला पडदा-कीबोर्ड नाही, त्याच्यासाठी ‘कनेक्शन’, टिंब, ‘ऑटोकनेक्ट रेघ रिट्राइज’ला ० द्यावे. इथे शून्य म्हणजे कधीही न थांबता.

शाळांना, अभ्यासिकांना, संस्थांना जुने संगणक देणाऱ्या पुणेकरांना शेवटी एक विनंती. यंत्राच्या झाकणावर ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी असतेच, तिच्या शेजारी आणखी एक छोटी चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर बिनतारी कार्डाचे नाव, ‘एलएसपीसीआय’मधला आठ चिन्हांचा क्रमांक, ड्रायव्हरच्या पॅकेजचे नाव, कार्ड ५ गिगाहर्ट्झ ऐकते की नाही, रेडिओचे बटण कुठे आहे आणि सेल कधी बदलला, एवढे लिहावे. नेटवर्कचा पासवर्ड लिहू नये.

आपले,
जुन्या संगणकांच्या दुरुस्तीत असलेले काही जण
सदाशिव पेठ, पुणे ३०